सासूबाईंचा सकाळचा चहा

गेल्या श्रावणाच्या अखेरीस माझ्या सासूबाई परत आल्या. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, त्यामुळे मला थोडं आश्चर्य वाटलं.

बाळांनो, तुमच्या पणजीबद्दल असं लिहिताना संकोच वाटतो. पण तुमच्या बाबाने तुम्हाला जी हकीकत सांगितली ती अर्धीच खरी आहे. (मी ऑपरेशनच्या टेबलावरून पळून गेले, हे साफ खोटं! मी फक्त उठायचा प्रयत्न केला.) तेव्हा आता मी सगळं क्रमाने सांगते. मला क्रम आवडतो.

आधी यंत्राबद्दल. माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक डबी बसवलेली आहे. तिला डिफिब्रिलेटर म्हणतात. माझं हृदय कधीतरी ताल सोडून सैरावैरा धावतं. तसं झालं की ही डबी आतून एक धक्का देते आणि त्याला जागेवर आणते. असा धक्का एकदाच बसला आहे, मंडईत, कोथिंबीर घेताना. मी सरळ जुड्यांवर आडवी झाले. भाजीवालीला वाटलं, बाई भाव ऐकून पडली! तिने घाबरून तो निम्मा केला. (शुद्धीवर आल्यावर मी दोन जुड्या घेतल्या.) गंमत सोडा, पण त्या दिवशी ती डबी नसती तर मी तुमची आजी न राहता भिंतीवरचा फोटो झाले असते. म्हणजे माझा जीव डबीवर, आणि डबीचा जीव तिच्या बॅटरीवर. एवढं लक्षात ठेवा. मी विसरले होते.

त्या सकाळी मी चहा गाळत होते. आजोबा पेपर वाचत होते. आणि अगदी जवळून, पण जाड दुलईखालून यावा तसा आवाज आला. टिंग-टंग. टिंग-टंग. टिंग-टंग. असा जरा वेळ वाजला, मग थांबला.

गाळणी माझ्या हातात तशीच राहिली, कारण आवाज ओळखीचा होता. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या. उशाशी पितळेची एक छोटी घंटी असायची. सकाळी जाग आली की त्या ती वाजवायच्या. अर्थ एकच, चहा आण. तोंडाने कधी बोलावलं नाही. "सुनेला सारख्या हाका मारणं बरं दिसत नाही," म्हणायच्या. घंटी बरी दिसायची.

"अहो, घंटी वाजली," मी म्हटलं.

"कोण आलंय?"

"दारावरची नव्हे."

"मग कुठली?"

"तुम्हाला नाही आली ऐकू?"

"मला काही आलं नाही ऐकू," आजोबा पेपरातून बाहेर न येता म्हणाले.

आता, तुमच्या आजोबांना उंच पट्टीतले बारीक आवाज ऐकू येत नाहीत. कुकरची शिट्टी, दारावरची बेल आणि गैरसोयीच्या वेळी मी. आमचा संसार सुखाचा होण्यात याचा मोठा वाटा आहे. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की कदाचित त्यांचे कान ठीक असतील आणि माझंच डोकं बिघडलं असेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच वेळी. तिसऱ्या दिवशी मी वाटच बघत होते, आणि वाट बघणाऱ्याला आवाज जास्तच जवळून येतो.

खरी घंटी तर घरात नव्हतीच. ती माझी नणंद, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण सुमन, साताऱ्याला घेऊन गेली होती. मी तिला फोन लावला.

"वन्सं, आईंची घंटी आहे ना जागेवर?"

"देवापाशी आहे. का हो वहिनी?"

"सहज."

मग वन्संनी आवाज खाली आणून विचारलं, "सकाळी वाजते का? चहाच्या वेळेला?"

मी तर वाजण्याचा शब्दही काढला नव्हता! माझ्या हातावर काटा आला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आई स्वप्नात आली होती माझ्या. म्हणाली, पुण्यात चहा वेळेवर मिळत नाही."

हयातीतही त्यांची तक्रार साताऱ्यामार्गेच यायची.

पण मी इंग्रजी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेली बाई. ध्वनीचा धडा मी दरवर्षी ट्यूनिंग फोर्क वाजवून शिकवला. माझ्या अभ्यासक्रमात भुतं नव्हती. तेव्हा शोध शास्त्रशुद्ध करायचा ठरवलं. एका सकाळी स्वयंपाकघरात उभी राहिले, आवाज स्वयंपाकघरात. पुढच्या सकाळी बाल्कनीत उभी राहिले, आवाज कुंड्यांमधून. न्हाणीघरात तर तो घुमला. कपाटात डोकं घातलं, तर सुती साड्यांच्या घडीमागून टिंग-टंग! जिथे मी, तिथे तो. एवढ्यावरून माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलीनेही उत्तर सांगितलं असतं. मी मात्र असा निष्कर्ष काढला की सासूबाई माझ्या मागे-मागे फिरत आहेत.

तरी शेवटचा उपाय म्हणून घरातली एकूण एक बॅटरी काढली. भिंतीवरचं घड्याळ, रिमोट, टॉर्च, थर्मामीटर, आजोबांचं रक्तदाब मोजायचं यंत्र. सगळ्या एका डब्यात भरून त्यावर 'बॅटऱ्या' अशी चिठ्ठी चिकटवली. घरात चालू बॅटरी एकही शिल्लक ठेवली नाही. (एक होती.)

"टीव्ही कसा लावू?" आजोबांनी विचारलं.

"उठून."

"आणि आवाज कसा वाढवू?"

"ऐकू कुठे येतो तुम्हाला!"

दुसऱ्या सकाळी घरात घड्याळाची टिकटिकसुद्धा नव्हती. इतकी शांतता की दुधावर साय धरताना ऐकू यावी. आणि त्या शांततेत, मानेमागे श्वास टाकावा इतक्या जवळून, टिंग-टंग. मला कोणीतरी गार हात लावल्यासारखं झालं. मी कपात चहा ओतला आणि आईंच्या फोटोपुढे नेऊन ठेवला.

आवाज थांबला.

(तो रोजच तेवढ्या वेळाने थांबायचा, हे आता कळतं.) पण त्या क्षणी प्रयोग सिद्ध झाला होता! त्या दिवसापासून मी रोज तीन कप चहा टाकायला लागले. एकदा कप ठेवूनही घंटी जरा लांबली, तेव्हा मी ओळखलं की साखर जास्त झाली आहे. फोटोतल्या चेहऱ्यावरही ते स्पष्ट दिसत होतं.

"हा गार का झालाय?" एका सकाळी आजोबा फोटोपुढचा कप तोंडाला लावून म्हणाले.

"तो तुमचा नाही."

"मग कोणाचा?"

मी सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून खाली ठेवला, जे ते निवडणुकीच्या निकालालाही करत नाहीत.

"आई येते?"

"हो."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"नाही हो. नुसता चहा मागतात."

"मला कधी घंटी वाजवली नाही तिने," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. उरलेला चहा मात्र प्यायले.

गणपती आले, गेले. झांजा आणि ढोलांतूनही सकाळची घंटी चुकली नाही. मग पितृपक्ष लागला, आणि आईंच्या तिथीला सकाळी चहाच्या वेळी खिडकीत एक कावळा येऊन बसला. चांगला थोराड, मानेशी करडा. टिंग-टंग सुरू झालं तशी त्याने मान तिरकी केली. तुमच्या आजोबांना जे ऐकू येत नव्हतं ते त्याला येत होतं! तो चहाकडे बघत नव्हता, फोटोकडेही नाही. एका डोळ्याने तो माझ्या डाव्या खांद्याखाली बघत होता. आवाज थांबेपर्यंत एकटक बघितलं आणि काव न करता उडून गेला.

दुपारी गच्चीवर पान वाढून ठेवलं. कावळ्याने पान शिवलं नाही तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं आपल्याकडे मानतात. मी नाही मानत. म्हणजे, त्या दुपारपर्यंत नव्हते मानत. कठड्यावर कावळ्यांची रांग लागली होती आणि एकही पुढे सरकेना.

"अगं, काहीतरी कबूल कर," आजोबा कुजबुजले.

मी हात जोडले. "आई, चहा वेळेवर मिळेल."

कोणी हलेना.

"आलं घालीन."

हलेना.

"निव्वळ दुधाचा करेल म्हणावं," आजोबांनी भर घातली.

मी पान जरा पुढे सरकवायला वाकले मात्र, सगळे कावळे एकदम उडाले! आभाळ क्षणभर काळं झालं, आणि मग गच्चीवर आम्ही दोघं, अळूच्या वड्या आणि भलतीच शांतता. आजोबांनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांचाही गार होता.

आता माझ्यातली शिक्षिका शेवटची एकदा उठून उभी राहिली. आवाज घरातला असेल तर घराबाहेर यायला नको! दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला आजोबांना फोटोपुढे कप घेऊन बसवलं आणि मी लिफ्टमध्ये शिरले. आत शेजारची रेवती होती, नागपूरची मुलगी, आयटी कंपनीत कामाला. दार बंद झालं. लिफ्ट खाली निघाली.

टिंग-टंग.

"काकू, तुमचा फोन वाजून राहिला," रेवती म्हणाली.

मला आनंदाने रडूच यायचं बाकी होतं. "तुला ऐकू येतंय?"

"येऊन राहिलं ना."

"फोन घरी आहे माझा."

"पण आवाज तर तुमच्याचकडून येऊन राहिला." तिने वाकून माझ्या पर्सला कान लावला. मग पर्सवरून वर, पदरापाशी. आणि तिथे थबकली. तोंडावरचं हसू गेलं. "काकू," ती अगदी हळू म्हणाली, "हे तुमच्या आतून वाजून राहिलं."

नेमका तेव्हाच लिफ्टमधला दिवा फडफडला. (तो नेहमीच फडफडतो. सोसायटीच्या सभेत विषय दरवर्षी निघतो आणि परत बसतो.)

"माझ्या सासूबाई आहेत त्या," मी म्हटलं.

रेवती लिफ्टच्या कोपऱ्यात जाऊन चिकटली. तळमजला आला. दार उघडलं. दोघींपैकी कोणीच हललं नाही. दार पुन्हा मिटलं.

"काकू," ती भिंतीला पाठ लावूनच म्हणाली, "तुम्हाला पेसमेकर वगैरे आहे का?"

"पेसमेकर नाही," मी तिची चूक सुधारली. "डिफिब्रि..."

पुढचं अक्षर आलंच नाही. माझा हात आपोआप खांद्याखाली गेला. बोटांखाली कातडी बारीक थरथरत होती.

रेवतीने ऑफिस सोडून आम्हा दोघांना स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. हृदयाच्या डॉक्टर वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींसारख्या होत्या. त्यांनी खांद्यावर एक चकती धरली, संगणकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बॅटरी संपत आली आहे. ती संपत आली की यंत्र रोज ठरलेल्या वेळेला असं वाजतं. बसवताना सांगतो आम्ही."

सांगितलं असणार. मी तेव्हा गुंगीत होते, आणि आजोबा न ऐकता मान डोलवत होते.

"कधीपासून वाजतंय, आजी?"

"गणपतीच्या आधीपासून."

"मग तुम्ही काय केलंत?"

"चहा."

"म्हणजे?"

"सासूबाईंना. फोटोपुढे."

डॉक्टर आजोबांकडे वळल्या. "आणि तुम्ही? काहीच केलं नाहीत?"

"मी तो नंतर प्यायचो," आजोबा म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग समजावून सांगितलं. पहिली घंटी झाली की हातात थोडे महिने असतात. ते संपले आणि नंतर हृदय धावत सुटलं, तर धक्का द्यायला डबीत जीव नसेल. "अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही बराचसा चहात घातलात. याच आठवड्यात बदलू."

"नुसती बॅटरी नाही बदलता येत?" आजोबांनी विचारलं. "डबाभर आहेत हो घरी."

नसते येत. डबी सीलबंद असते. जुनी काढून नवी बसवायची.

संध्याकाळी साताऱ्याहून फोन. "अहो वहिनी, पितृपक्षात ऑपरेशन? घट तरी बसू देत!"

आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "सुमन, घट बसायच्या आत हिला काही झालं, तर तिथी लक्षात ठेवायला सोपी जाईल. तेवढाच फायदा." आणि फोन ठेवून दिला. मग तो डबा घेऊन बसले आणि एकेक बॅटरी जागच्या जागी घालायला लागले. घड्याळातली उलटी घातली. मी बघितलं, पण चूक सुधारली नाही. (माझ्या आयुष्यात असं फारसं घडलेलं नाही.)

ऑपरेशन सकाळी पहिलंच होतं. म्हणजे उपाशीपोटी. म्हणजे चहा नाही. पूर्ण भूल देत नाहीत. खांद्यापाशी तेवढी जागा बधिर करतात आणि जराशी गुंगी देतात. तोंडावरून हिरवं कापड टाकलं. आत हिरवट उजेड आणि स्वतःचाच श्वास. बाहेर माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज. माझ्याच अंगात हात घालून लोक माझ्याविषयी बोलत होते आणि मी पलीकडून ऐकत होते. मेल्यावर असंच असेल, असं मनात आलं. आपल्याबद्दलचं सगळं बोलणं ऐकू येतं, फक्त त्यात दुरुस्ती करता येत नाही. मला ते फार जड जाईल.

"आता जुनी काढतेय हं, आजी."

"आणि नवी बसेपर्यंत?" मी कापडाखालून विचारलं.

"आम्ही आहोत ना. बाहेरून धक्का द्यायची तयारी आहे."

खांद्यात काहीतरी ओढल्यासारखं झालं. मग पत्र्याच्या ट्रेमध्ये टण्‌कन आवाज. मग एक पोकळी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं हृदय एकटं होतं, राखणीला कोणी नाही. ते एक ठोका द्यायचं, जरा विचार करायचं, मग दुसरा. मी प्रत्येकाची वाट बघत होते. एक ठोका उशिरा आला. त्याच्या पुढचा अजून उशिरा.

टिंग-टंग.

आतून नाही! पलीकडून, ट्रेमधून. कातडीची दुलई निघाली होती, त्यामुळे आवाज पहिल्यांदाच स्वच्छ आला, खणखणीत, अस्सल पितळी. कोणीतरी उशाशी बसून वाजवावी तसा. शप्पथ सांगते, त्या क्षणी हॉस्पिटल नव्हतंच. आपलं स्वयंपाकघर होतं, ओट्यावर दूध होतं, आणि मला उशीर झाला होता.

"आले हो आई!" मी ओरडले. "चहा टाकतेय!"

आणि उठायला लागले.

"धरा त्यांना!"

"आजी, हलू नका!"

"सोडा मला, त्या परत वाजवतील!"

त्यांनी परत वाजवली.

"ऐकलंत? अजून आलं किसायचंय!"

"आजी," डॉक्टरांचा आवाज शांत होता, पण दातांमधून येत होता, "तुमचा खांदा उघडा आहे आणि नवी डबी माझ्या हातात आहे. पडून राहा. अरे, आधी कोणीतरी आजींच्या सासूबाईंना बंद करा!"

कोणीतरी केलं. पण एव्हाना माझे ठोके धावत सुटले होते. मॉनिटर भराभर टिकटिकायला लागला आणि कापडापलीकडचे सगळे आवाज एकाएकी गप्प झाले. डॉक्टर बोलतात तोवर ठीक असतं, बाळांनो. त्या गप्प होतात तेव्हा भीती वाटते.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "थांबा. अजून थांबा."

त्या हिरव्या अंधारात मी चहा सोडला, सासूबाई सोडल्या. तुमचे दोघांचे चेहरे समोर आणले आणि ते पुसट होऊ नयेत म्हणून धरून ठेवले. हळूहळू टिकटिक खाली उतरली, गुडघे दुखणारी बाई जिना उतरते तशी, एकेक पायरी.

"आता लावू," डॉक्टर म्हणाल्या. आणि खिशात मोबाइल सरकवावा तशी नवी डबी, गारेगार, आत सरकली.

बाहेर आजोबा भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर म्हणाल्या, "छान झालं. मध्येच आजी चहा करायला उठल्या होत्या, तेवढंच."

"सवय आहे तिला," आजोबा म्हणाले, आणि मग तिथेच बाकावर बसून रडले. (हे मला सोबतीला आलेल्या रेवतीने सांगितलं. त्यांना विचारू नका.)

दुसऱ्या दिवशी संगणक घेऊन एक तंत्रज्ञ आला. नवी डबी तपासली आणि सहज विचारलं, "आजी, या यंत्राची बॅटरी संपत आली की ते रोज कुठल्या वेळेला वाजावं? वेळ तुम्ही सांगाल ती ठेवतो."

जरा विचार करा! काळ दारात आला की त्याने किती वाजता बेल वाजवावी, हे आजवर कोणाला कोणी विचारलंय का? आणि विचारलं ते मला, जिला वेळापत्रक आखण्याइतका आनंद दुसऱ्या कशात नाही! सकाळ मी ताबडतोब बाद केली, ती आईंची. दुपारी मी झोपते. रात्री आजोबांच्या बातम्या चालू असतात, तेव्हा तोफ डागली तरी कळायची नाही.

"पूजेच्या वेळी ठेव," आजोबा म्हणाले.

"तेव्हा तुम्हीच घंटा बडवत असता."

तंत्रज्ञ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला, तेव्हा मी वेळ सांगून टाकली. संध्याकाळची, दिवेलागणीची. म्हणजे तिकडे परदेशात तुमची सकाळ, शाळेची बस यायच्या आधी तुम्ही रोज फोनवर मला तोंड दाखवता ती. कारण आमच्या घरात एकाला ऐकू येत नाही, आणि दुसरीला ऐकू येऊन कळत नाही. तुमचे कान अजून नवे आहेत.

तेव्हा पुढेमागे बोलता-बोलता माझ्याकडून टिंग-टंग ऐकू आलं, तर लगेच सांगा. मी म्हणेन, आवाज तुमच्याकडून येतोय. म्हणेन, तुमचं इंटरनेट बिघडलंय. ध्वनीचा अख्खा धडा उदाहरणांसकट शिकवीन. माझं काही एक ऐकू नका; बाबाला हाक मारा आणि मला तडक डॉक्टरांकडे पाठवा. आणि तेवढ्यात मी "आले हो आई" म्हणून उठलेच, तर घाबरू नका. फक्त गॅस बंद करायची आठवण करा.